दारात कुणी विचारलं तर

रत्नागिरी,
८ ऑगस्ट २००१

चि. उर्वीस आईचे अनेक आशीर्वाद.

देवाच्या कृपेने इकडे बरं आहे. वादविवादात पहिली आलीस, पेपरात फोटो आला. बाबांनी तो वाचनालयात नेऊन सगळ्यांना दाखवला.

तू पत्रात लिहिलेला तो तत्त्वज्ञ कांट आम्ही जेवताना वाचला. माणूस दोनशे वर्षांपूर्वीचा, आणि कॉलेजात अजून त्याच्यावरून भांडता याचं नवल वाटलं. मारेकरी दारात येऊन मित्र कुठे लपलाय विचारतो, तरी खोटं बोलायचं नाही. बाबांनी विचारलं, "याचं लग्न झालं होतं?" म्हटलं, नव्हतं. "मग चालू दे त्याचं." मी हसले. हेमा हसली नाही.

हो, तुझी मावसबहीण हेमा इथे आहे. माहेरचं घर बंद, भाऊ दीपक बोटीवर. जाणार कुठे? हाताला प्लास्टर आहे. न्हाणीघरात पडले असं तिने डॉक्टरांना सांगितलं, मला खरं सांगितलं.

सोमवारी तिचे यजमान महिपतराव दारात उभे. जावई, 'या' म्हणावंच लागलं. "मावशी, हेमा आलीय?" मी देवापुढे वात सारखी करत होते. न वळता म्हटलं, "हेदवीला गेली, गणपतीच्या दर्शनाला."

ते तिथे जाऊन आले. काल पुन्हा चहा प्यायले, बशी अगदी अलगद ठेवली. "उर्वी चतुर्थीला येईल ना? पेपरात वाचलं, ती कधीच खोटं बोलत नाही म्हणे. तिलाच विचारतो."

तेव्हापासून नैवेद्य दाखवते, पण गाऱ्हाणं घालायला तोंड उघडत नाही. तू लिहिलंस, खोटं बोललं की पुढे जे घडेल ते आपल्या माथी. असेल. पण खरं बोलून घडलं तर ते कुणाच्या माथी, हे तुझ्या कांटने कुठे लिहिलंय का?

दीपक महिनाअखेर बोटीवरून उतरेल आणि तिला घेऊन जाईल. तोवर ती माजघरातून बाहेर पडायची नाही.

तू खोटं बोल असं मी सांगणार नाही. खरं बोल असंही आज म्हणवत नाही. त्या माणसासमोर तू उभीच राहायला नकोस. म्हणून यंदा चतुर्थीला येऊ नकोस. मोदक आम्ही वळू, तिचा एक हात आणि माझे दोन.

परीक्षा आहे असं कळव, असं लिहिणार होते. नको. शेजारीपाजारी ते मीच सांगेन, तू काही कळवू नकोस.

तुझी वाट न बघणारी,
आई