आई, भर दुपारी चादर बदलली

प्रिय आई,

आज दुपारी काहीच झालं नाही. तेच तुला सांगायचं आहे म्हणून लिहायला बसले.

एका मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक खाटेपाशी नाडी आणि श्वास मोजणारी यंत्रं आहेत. त्या सगळ्यांचे आकडे एका संगणकात जमा होतात. त्या संगणकाचा गाभा आम्ही आज बदलला, तो चालू असतानाच! रात्री सगळे झोपल्यावर बदलतात तसा चोरून नाही, तर भर दुपारी, वॉर्डात जेवणाची गाडी फिरत असताना. तिथल्या एकाही सिस्टरला कळलं नाही. पडद्यावरच्या रेघा आपल्या चालतच राहिल्या.

मी इथे सोलापुरात, आपल्या पुढच्या खोलीत बसून बघत होते. पप्पा शेजारी होते. मी लॅपटॉप मिटला तसं त्यांनी विचारलं, "झालं का?"

"झालं."

"काय झालं?"

"काही नाही झालं, पप्पा."

"मग काही न्हाय झालं म्हणून रडतीस व्हय?"

आता त्यांना काय सांगू? तू असतीस तर तुला सांगता आलं असतं.

खरं म्हणजे तुलाही किती उशिरा सांगितलं मी! कितीतरी दिवस तू गल्लीभर सांगत होतीस, "आमची प्रज्ञा कॉम्प्युटर दुरुस्त करती." मग शेजारच्या काकू मिक्सर घेऊन दारात. मी चिडले, तर तू म्हणालीस, "बघ की जरा उघडून. एवढी इंजिनिअर झालीस, तर तेवढं बी येईना व्हय?" घरातली पहिली पदवी आणि पहिली तपासणी मिक्सरची! आणि तुझा स्वतःचा उपाय ठरलेला. टीव्ही अडकला, मोबाइल अडकला, की बंद कर आणि चालू कर. "समद्या मशिनीला एकच औषध." मी हसायचे. पण आई, जगातल्या मोठमोठ्या संगणकांनाही अजून तेच औषध देतात, हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

तो रविवार आठवतो? मी पुण्याहून आले होते आणि तू खलबत्त्यात शेंगांची चटणी कुटत होतीस. मी पहिल्यांदाच नीट सांगायला लागले. म्हटलं, संगणकात सगळ्यात खाली एक गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्यावर अंग टाकून असतात. त्या गाभ्यात कधी दोष सापडतो, मग तो बदलावा लागतो. बदलायचा तर वरच्या सगळ्यांना उठवावं लागतं, म्हणजे संगणक बंद करून परत चालू करावा लागतो.

तुझा हात थांबला. "आणि पेशंट उठण्यासारखा नसंल तर?"

"तेच तर माझं काम आहे, आई. त्याला न उठवता खालचं बदलायचं."

"म्हंजे माझंच काम की!" असं म्हणून तू परत कुटायला लागलीस. केवढी खूश झाली होतीस!

तुझंच काम होतं ते. कॉलेजात असताना तुला डबा द्यायला, तू आया होतीस त्या वॉर्डात यायचे, तेव्हा दारात उभी राहून बघायचे मी. तू हाक मारायचीस, "दुसरी बाजू कोण धरतंय?" मग तुझ्या जोडीच्या ललिता मावशी यायच्या. तुम्ही दोघी पेशंटला अलगद एका कुशीवर वळवायचात. मळकी चादर त्याच्या पाठीपर्यंत गुंडाळत न्यायचात आणि तिला लागूनच नवी पसरायचात. मग त्याला या कुशीवरून त्या कुशीवर घ्यायचं आणि जुनी ओढून काढायची. सलाइनची नळी जागच्या जागी, लघवीची पिशवी जागच्या जागी, आणि खाली सगळं नवं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतात ते पेपरवाले आजोबा. चादर बदलायची म्हणून त्यांनी पेपर मिटायला घेतला, तर तू त्यांचा अंगठा धरून ओळीवर ठेवलास. "बाबा, अंगठा हालवू नका, न्हायतर बातमी पळून जाईल." त्यांना वळवलं, परत वळवलं, चादर सरळ केली, आणि आजोबांनी त्याच ओळीपासून पुढे वाचायला सुरुवात केली!

माझ्या वाट्याला आलेलं काम नेमकं एवढंच आहे, आई. गाभा बदलताना प्रोग्राम क्षणभर गोठतात. त्या वेळी कुणाच्या हातात कोणती फाइल उघडी आहे, वाचन कोणत्या ओळीपर्यंत आलं आहे, कुणी कोणत्या फाइलीला कुलूप घातलं आहे, हे सगळं जपायचं आणि नव्या गाभ्यावर जसंच्या तसं ज्याच्या त्याच्या हातात द्यायचं. अंगठा त्याच ओळीवर हवा.

मी लिहिलेली पहिली पद्धत सरळ होती. प्रत्येक उघड्या फाइलीचं नाव नोंदवायचं आणि पलीकडे गेल्यावर त्या नावानं ती परत उघडायची. चाचणीत हजारो फाइली नीट पोचल्या, पण काही वाटेतच गेल्या. शोधलं तेव्हा कळलं, त्यांना नावच नव्हतं. काही प्रोग्राम तात्पुरती फाइल उघडतात आणि लगेच तिचं नाव पुसून टाकतात, म्हणजे दुसरं कुणी तिला हात लावू नये. नाव गेलं तरी धरणारा सोडत नाही तोवर फाइल जिवंत असते. त्याने सोडली की मात्र संपली. खाटांजवळच्या यंत्रांकडून आलेले ताजे आकडे अशाच फाइलीत साठत होते.

आमचे प्रमुख मंदार सर वाईट माणूस नाहीत. पण ते म्हणाले, "प्रज्ञा, अशा फाइली सोडून देऊ. दवाखान्यांना सांगू, आधी तेवढा प्रोग्राम बंद करा."

"मग पडद्यावरच्या रेघा थांबतील, सर."

"मिनिटभर."

"तेवढ्यात कुणाचं काही झालं तर?"

"हे वेळेत जमलं नाही ना, तर हे कामच बंद होईल. सगळं परत जुन्या पद्धतीनं. मग तर सगळेच प्रोग्राम बंद पडतील. चालेल तुला?"

संध्याकाळी तुला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तू विचारलंस,

"नाव न्हाय म्हंतीस. पण ती फाइल कुणी धरलीया का न्हाय?"

"एका प्रोग्रामनं धरली आहे."

"मग हाय की तिला माणूस! बेवारस कशी?"

आणि मला तुमच्या वॉर्डातला तो कोपऱ्यातला माणूस आठवला. एसटी स्टँडवरून उचलून आणलेला, शुद्ध हरपलेला, नावगाव काही नाही. सगळे त्याला बेवारस म्हणायचे. त्याची चादर शेवटी बदलली जायची, कधीकधी राहूनच जायची. विचारणारं कोण होतं? त्यावरून तू सगळा वॉर्ड डोक्यावर घेतलास. "बेवारस म्हनायचं न्हाय! मी धरलंय त्येला. पाव्हणं हाय त्ये माझं." तेव्हापासून सगळेच त्याला पाव्हणं म्हणायला लागले. माझा काळा झगा घातलेला पदवीचा फोटो तू त्यालासुद्धा दाखवला होतास! तो कोण होता, हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मंदार सरांना सांगितलं, "मला थोडा वेळ द्या. सोडून नाही देणार." मी नावावरून शोधणं बंद केलं. फाइल कुणी धरली आहे, तिथून सुरुवात केली. धरणाऱ्याचा हात आणि त्याच्या हातातली वस्तू एकत्रच पलीकडे न्यायची. सांगायला सोपं वाटतं, पण कितीदा फसलं! एकदा तर सगळ्या फाइली पोचल्या, पण एकाची दुसऱ्याच्या हातात. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "बाळंतिणीच्या वॉर्डात असलं केलं असतंस, तर मार खाल्ला असतास."

त्या सगळ्या कामाला मी नाव दिलं, 'पाव्हणं'. आधी सगळे हसले. मी तुझी गोष्ट सांगितली. मग मंदार सरच बैठकीत विचारायला लागले, "आज पाव्हण्यांचं काय?"

आणि मग तू आजारी पडलीस, आणि दाखल झालीस ती तुझ्याच वॉर्डात! ललिता मावशी चादर घेऊन आल्या. तुझ्या सवयीनं ओरडल्या, "दुसरी बाजू कोण धरतंय?" आणि त्यांची नजर खाटेवरच्या तुझ्याकडे गेली. मी पुढे झाले. मला नीट जमेना. मी चादर ओढली, तर तू तोंडावरचा मास्क बाजूला सारलास. "वढू नगंस. गुंडाळ." ललिता मावशी डोळे पुसत हसल्या, "बाई अजून ड्यूटीवरच हाय की!"

जायची एवढी घाई का केलीस गं? काम थोडंच राहिलं होतं. तू गेल्यावर विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला केवढी माणसं आली होती! कितीजण म्हणाले, "मावशींनी आमच्या आईचं केलं, वडिलांचं केलं." मी हात जोडून उभी होते आणि मनात एकच होतं, की हे सगळं तुला कोण सांगणार?

तर आजची दुपार. प्रोग्राम गोठले. नवा गाभा उठला. नाव असलेल्या फाइली पटापट आपापल्या हातात गेल्या. मी फक्त नाव नसलेल्यांकडे बघत होते. क्षणभर माझ्या पडद्यावर काहीच नाही. आई, तेव्हा मी खुर्चीची कड अशी धरली होती, जशी तुझी चादर धरली होती! आणि मग एकेक करून त्या आल्या. ज्याची त्याच्या हातात, त्याच ओळीवर. आकडे पुढे सुरू.

मंदार सरांचा निरोप आला, "सगळे पाव्हणे सुखरूप पोचले. तुझ्या आईला सांग."

सांगितलं बघ.

हे काम आता सगळ्यांसाठी खुलं केलं आहे. मोठ्या शहरातला दवाखाना असो की माढ्यातला छोटा, कुणीही फुकट वापरावं. तू म्हणाली असतीस, "मग तुला काय मिळालं?" मला मिळालं ते मी वर लिहिलंच आहे.

आणि एक कबूल करते. यापुढे कुणी "सोडून देऊ" म्हणालं, तर आधी विचारीन, कुणी धरलं आहे का. कुणीच धरलं नसेल, तर मी धरीन. ललिता मावशी आता एकट्या पडल्या आहेत, तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. त्यांना आणि सिस्टरांना विचारून ठेवलं आहे. सोलापुरात असेन त्या प्रत्येक रविवारी मी वॉर्डात जाणार. मावशींनी हाक मारली की कुणाकडे बघायची वेळ येणार नाही. आणि ओढणार नाही, आई. गुंडाळीन.

तुझी, दुसरी बाजू धरणारी,
प्रज्ञा