दहापैकी दोन

शनिवार, ३० ऑगस्ट २०२५. नॉटिंगहॅम.
मंडळाचा गणपती. आरतीनंतर अंबरीशने जाहीर केलं: २७ सप्टेंबरला डर्बीशरच्या डोंगरांत वीस मैल चालायचं. पहिलं नाव मी दिलं. तो हार्टवाला, मी भूलवाला. तीस वर्षं एकाच हॉस्पिटलात काढली, दोघंही रिटायर झालो, तरी त्याला वाटतं सगळं अजून त्याच्याच तालावर चालतं. वीस मैलांचं काय कौतुक? ऑन-कॉलला कॉरिडॉरमधून मी त्याहून जास्त चाललोय.

प्रसादाच्या रांगेत त्याने विचारलं, इरावती सध्या काय करते? ऑर्थोपेडिक्समध्ये आहे, म्हणालो. शेजारी मंडळाच्या सेक्रेटरी सुलक्षणाताई होत्या. त्या म्हणाल्या, वा, म्हणजे सर्जन! मी नाही म्हणालो नाही. लेक पोडिएट्रिस्ट आहे हे सांगायचं, मग पोडिएट्रिस्ट म्हणजे पावलांवर उपचार करणारी हे सांगायचं, आणि एवढं करून लोक म्हणणार, म्हणजे नखं कापते का. हाडं पायातही असतात. तेव्हा तसं खोटं नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर
बूट आले. अस्सल लेदर. सोबतच्या कागदावर लिहिलंय, मोठ्या वॉकआधी तीन आठवडे रोज थोडा वेळ घाला. ठरवलं: रोज एक तास. आजपासून.

संध्याकाळी ५. मधुमती म्हणाली, पितृपक्ष लागलाय, नवीन वस्तू वापरायची नाही. मी सायन्सचा माणूस. पण बायकोच्या श्रद्धेचा मान ठेवतो. शिवाय बाहेर पाऊस होता. बूट खोक्यात, खोकं जिन्याखाली.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
इरा जेवायला आली. सोबत एक पिशवी: पातळ मोजे, लोकरीचे मोजे, टेप, ड्रेसिंग. मग लेक्चर. बाबा, कॉटनचे मोजे अजिबात नको, ते घाम धरून ठेवतात. आत पातळ घाला, वर लोकरीचे. आणि मेन म्हणजे, पाय चुरचुरला की लगेच स्टॉप करायचं, टेप लावायची. ब्लिस्टर आल्यावर नाही, आधी. हे तीनदा सांगितलं. मग विचारलं, ते नवे बूट कुठे आहेत? ब्रेक-इन, म्हणजे बूट पायाला रुळवणं, चालू आहे, म्हणालो. खोक्यात का असेनात, घरच्या हवेची सवय होतेच आहे.

वेदना म्हणजे काय हे ही मला शिकवणार! अख्खी करिअर पेशंटना विचारत आलो, दहापैकी किती दुखतंय.

वाईट बातमी: वॉकला फर्स्ट एडसाठी इरा येणार. सुलक्षणाताईंनी तिला परस्पर विचारलं. तिथे कोणी सर्जन-बिर्जन म्हणालं तर पंचाईत. तेव्हा तिच्यापासून लांब राहायचं. फोड येऊ द्यायचा नाही. आलाच तर दाखवायचा नाही.

रविवार, १४ सप्टेंबर
जुन्या सँडल घालून पार्कात एक फेरी. हीही प्रॅक्टिसच. बाकावर अंबरीश दिसला. बूट-मोजे काढून, पायाची बोटं फाकवून वारा घेत बसलेला. दर तासाला पाय वाळवायचे असतात म्हणे. हसू दाबलं. हा काय वीस मैल चालणार.

सोमवार, २२ सप्टेंबर
घटस्थापना. खोक्यातून बूट काढले. हॉलच्या कार्पेटवर चाळीस मिनिटं घातले. त्यातली तीस बातम्या बघताना बसून, पण बूट पायात होते. टाच जरा कडक वाटते. चांगलं लेदर असंच असतं.

बुधवार, २४ सप्टेंबर
पाऊस. चिखलात नवे बूट खराब होतील.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
सॅक भरली. इराची पिशवी आणि चिवड्याचा डबा, दोन्ही मावेनात. वीस लोकांना चिवडा लागेल. समाजाचा विचार आधी.

शनिवार, २७ सप्टेंबर
सकाळी ६.३०. टाचांना खोबरेल चोळलं. माझ्या आजोबांनी आयुष्यात दुसरं औषध लावलं नाही. वर क्रिकेटचे पांढरे मोजे. कॉटनचेच, पण जाड आहेत.

९.५०. मैल तीन. डाव्या टाचेला चुरचुर. वेदना: दहापैकी दोन. अंबरीश भिंतीवर बसून मोजे बदलतोय. मी बूट काढला तर इरा बघायला येणार. त्यामुळे वहीत लिहायला थांबलोय असं दाखवतोय. तसा लिहितोच आहे.

११.४०. मैल सात. उजवी टाचही. दोन. सुलक्षणाताईंनी विचारलं, लंगडताय का? म्हटलं, व्ह्यू बघत रमतगमत चाललोय. समोर धुकं होतं.

१.१५. मैल दहा. झुडपामागे जाऊन बूट काढला. फोड पेढ्याएवढा. सॅकला लावलेली सेफ्टी पिन काढून टोचला. कातडी सुटली, ती ओढली. ओढायला नको होती. दोन. फार तर अडीच.

३.०५. मैल तेरा. बसलोय. आता

रविवार, २८ सप्टेंबर
काल ते वाक्य अर्धंच राहिलं. उठायला गेलो आणि उठता आलं नाही. भोवती सगळं मंडळ जमलं. इरा मागून धावत आली, चिखलात गुडघे टेकले, बूट काढला. मोजा रक्ताने चिकटला होता. तिने बाटलीतलं पाणी ओतून तो हळूहळू सोडवला. मी दिलेली टेप कुठे आहे, विचारलं. मी चिवड्याच्या डब्याकडे पाहिलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात सुलक्षणाताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, घरातच ऑर्थोपेडिक सर्जन आहे, मोहनरावांना कसली काळजी! इराने वर पाहिलं. माझ्याकडे. मी डोंगराकडे पाहिलं.

ती पुन्हा खाली मान घालून टेप कापायला लागली. माझं खोटं तिने तसंच राहू दिलं, सगळ्यांसमोर, माझा घाणेरडा पाय मांडीवर घेऊन. हात इतका हलका आहे तिचा. मला माहीतच नव्हतं. तिला काम करताना मी कधी पाहिलंच नव्हतं. लाज वाटली. पायाची नव्हे.

अंबरीशने वीसच्या वीस मैल पुरे केले. मला इराने गाडीत घालून घरी आणलं. ड्रेसिंग गुरुवारी बदलायचंय हे आईला सांगितलं. मला नाही.

मंगळवार, ३० सप्टेंबर
नीट विचार केला तर गैरसमज सुलक्षणाताईंचा. सर्जन हा शब्द माझा नाहीच. मी फक्त गप्प होतो.

दुपारी ४. हे वरचं वाचलं आणि स्वतःचीच शिसारी आली. मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाइप केला: माझी मुलगी पोडिएट्रिस्ट आहे. खोडला. पाच वेळा टाइप केला, पाच वेळा खोडला. शेवटी सगळ्यांना नवरात्रीच्या शुभेच्छा पाठवल्या. नववा दिवस होता.

गुरुवार, २ ऑक्टोबर
दसरा. ठरवलं: आज सांगायचंच. टाचेला बँडेज, म्हणून झब्ब्याखाली चपला घालून मंडळाच्या हॉलवर गेलो. अंबरीशला बाजूला घेतलं. इरा सर्जन नाही, पोडिएट्रिस्ट आहे, एका दमात म्हणालो.

माहीत आहे, तो म्हणाला. मार्चमध्ये माझ्या अंगठ्याचं आत गेलेलं नख तिनेच काढलं. नाहीतर मी कसला वीस मैल चालतोय. पाय वाळवणं, टेप, सगळं तिनेच शिकवलेलं.

इरा घरी एका शब्दाने बोलली नव्हती. पेशंटचं नाव घरी सांगायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं.

मग गणपतीत मला का विचारलंस, म्हणालो. तो म्हणाला, तू कौतुकाने सांगशील असं वाटलं. मला तिचं कौतुक तुझ्याजवळ करायचं होतं. एवढं बोलून त्याने आपट्याचं पान हातावर ठेवलं आणि तो पुढच्या माणसाकडे गेला.

संध्याकाळी ६. इरा आली. स्टुलावर माझा पाय घेतला, जुनं ड्रेसिंग सोडवलं. अंबरीशला आज खरं सांगितलं, म्हणालो. ग्रुपवरही टाकतो. तिने हं केलं. त्याला आधीपासून माहीत होतं, हे मी सांगितलं नाही. शाबासकी हवी होती बहुतेक.

तिने विचारलं, दहापैकी किती दुखतंय?

दोन, म्हणालो.

ती नवं ड्रेसिंग हातात तसंच धरून बसून राहिली. स्वयंपाकघरात मधुमती श्रीखंड फेटत होती, तो आवाज थांबला.

नऊ, म्हणालो.

ओके बाबा, ती म्हणाली, आणि ड्रेसिंग लावलं.