शहात्तरचा गोळा आणि जहांगीरची सही

मी, सुकदेव रामदास बाविस्कर, वय बहात्तर, नौदलाच्या दारूगोळा कोठारातून निवृत्त तपासनीस, राहणार दोंडाईचा, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कुणी धाक दाखवलेला नाही, कुणी गळ घातलेली नाही. आजवर जे लिहायला हवे होते ते लिहिले नाही म्हणून थकलो आहे, एवढेच.

माझी पत्नी शेवंताबाई सहा वर्षांपूर्वी वारली. मुलगा विक्रम नाशिकला असतो, मुलगी सोनल जामनेरला दिली आहे. दोघांशी माझे बरे आहे. निदान परवापर्यंत होते.

१. दोंडाईचाचे राहते घर विक्रमला द्यावे. मागच्या मोरीचे पाणी भिंतीत मुरते, ते त्याने आधी बघावे. शेजारी ईश्वर भावसार यांनी कुंपण बांधताना माझी वीतभर जागा घेतली आहे. मी अकरा वर्षे त्यांच्याशी बोललो नाही. आता तो दावा मी सोडतो, कारण भांडायला अंगात जोर नाही. जागा त्यांची झाली असे मात्र मी म्हणत नाही.

२. पोस्टातली ठेव दोन्ही मुलांनी सारखी वाटून घ्यावी. त्यावरून भांडू नये.

३. माझी मोजमापाची पेटी, म्हणजे व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि पितळी कडी, धुळ्याच्या आयटीआयला द्यावी. घरात ठेवली तर नातवंडे त्याने सुपारी फोडतील.

४. हे कलम लांब आहे. वकील शीतल बोरसे म्हणाल्या, मृत्युपत्रात एवढे लिहायचे नसते. मी म्हटले, ताई, दुसरीकडे कुठे लिहिण्याइतका वेळ आता मला नाही.

टीव्हीवर कुठल्याही देशाचे युद्ध लागले की गल्लीतले लोक मला विचारतात, नाना, या देशाच्या जहाजाला त्या देशाचे तोफगोळे चालतील का? आकडा तर एकच आहे. मी सांगतो, आकड्यावर जाऊ नका. आपल्या नौदलात रशियन घराण्याची शहात्तर मिलिमीटरची तोफ आहे आणि इटालियन घराण्याचीही शहात्तरचीच आहे. नळीचे तोंड जवळपास सारखे. पण गोळ्यामागचे काडतूस वेगळे, ते जिथे बसते तो खण वेगळा, गोळा वर चढवणारी यंत्रणा वेगळी. शेतातला दोन इंची पाइप आणि मोटारीचा दोन इंची पाइप जोडून पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळते, आटेच जुळत नाहीत. लोक माना डोलावतात. मला हे इतके नीट कसे ठाऊक, हे कुणी विचारत नाही.

आमच्या कोठारात दोन्ही घराण्यांचे गोळे असायचे. त्या पावसाळ्यात, दोन हजार तीन साली, ओलीने काही पेट्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या. अशा पेट्यांतले नग दोनदा तपासायचे असतात. आधी मापाचे पितळी कडे घालून गोळ्याची जाडी बघायची, मग काडतूस नमुन्याच्या खणात बसवून बघायचे. हा नमुना जड लोखंडाचा, दुसऱ्या शेडमध्ये ठेवलेला. आणायला दोन माणसे लागत.

माझ्या जोडीला जहांगीर उस्मान पिंजारी होता, धुळ्याचा. घरी हिंदी बोलायचा, माझ्याशी अहिराणी. आमचा एक रिवाज होता. शुक्रवारी तो नमाजाला जाई तेव्हा त्याचे काम मी करून तपासणीच्या चिठ्ठीवर त्याची सही मीच ठोकायचो. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मी गावी आलो की माझी सही तो करायचा. साहेबांनाही माहीत असावे, कुणी हटकले नाही.

त्या शुक्रवारी मी एकटा होतो. कडे घातले, प्रत्येक नग आरपार गेला. नमुना आणायला गेलो नाही. कंटाळा केला, दुसरे कारण नाही. चिठ्ठीवर जहांगीरची सही केली आणि इटालियन तोफेच्या जहाजावर रशियन घराण्याच्या पेट्या चढल्या.

परदेशी जहाजांबरोबरच्या सरावात पहिलाच गोळा तोफेत अडकला. कुणी दगावले नाही. पण पाहुण्यांसमोर आपले जहाज सराव सोडून परत आले आणि चौकशी बसली. साहेबांनी चिठ्ठी पुढे केली, "ये दस्तखत तुम्हारे हैं?" जहांगीरने माझ्याकडे पाहिले. पंधरा दिवसांवर सोनलचे लग्न होते, पत्रिका त्याच्याही घरी गेली होती. तो म्हणाला, "जी साहब, मेरे ही हैं."

त्याला वाटले असणार, लग्न आटोपले की सुकदेव बोलेल. लग्न आटोपले. मग विक्रमचे शिक्षण होते, मग शेवंताबाईचे आजारपण, मग माझे निवृत्तिवेतन. बोलायचे राहून गेले असे नाही, मी बोललो नाही. जहांगीरची नोकरी गेली, निवृत्तिवेतन बुडाले. तो धुळ्याला येऊन वडिलांच्या दुकानात गाद्या भरू लागला. रुईच्या कणांनी त्याला दमा लागला. मी एकदाही भेटायला गेलो नाही. मी भित्रा माणूस आहे.

म्हणून मी ठरवले होते की:

५. (खोडले) माझा धुळ्याचा फ्लॅट जहांगीर उस्मान पिंजारी यांना द्यावा. (येथपर्यंत खोडले. खोडलेले तसेच दिसू द्यावे.)

६. (खोडले) माझ्या कबुलीचे बंद पत्र माझ्या मृत्यूनंतर वकिलांनी कोठाराच्या मुख्य अधिकाऱ्यांकडे पाठवावे. (येथपर्यंत खोडले.)

ही दोन कलमे का खोडली ते सांगतो. काल मी निरोप धाडून जहांगीरला वकिलांच्या कार्यालयात बोलावले. बावीस वर्षांनी तो दारात उभा राहिला, धाप लागलेली. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा लावून सगळा वाचला, सहावे कलम दोनदा.

"तू मरशी तधय मी ऱ्हासू का?" तो म्हणाला. म्हणजे, तू मरशील तेव्हा मी तरी असेन का.

त्याने कागद माझ्याकडे परत सरकवला.

"तुनं घर माले नको, सुकदेव. मना शेहजादले लोके आज बी इचारतस, तुना बापनी काय चोरेल व्हतं? ते पत्र आजच टाक."

शेहजाद त्याचा मुलगा. माझ्या विक्रमच्या वयाचा.

मी म्हटले, माझे निवृत्तिवेतन बंद होईल. शीतलताई म्हणाल्या, होणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. विक्रमला फोन लावला. तो म्हणाला, "आबा, आता कशाला? गावात तोंड कसं दाखवायचं?" मग सोनलला लावला. ती म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी लग्न पुढे ढकललं असतं, आबा." हे ऐकल्यावर मला माझी लाज वाटली. बावीस वर्षे मी तिच्या लग्नाच्या आडोशाला बसलो होतो.

५अ. धुळ्याचा फ्लॅट सोनलला द्यावा. तिने त्याचे काय करायचे ते तिने ठरवावे.

६अ. कबुलीचे पत्र आज सकाळी साडेअकराला रजिस्टर पोस्टाने रवाना केले आहे. पावती सोबत जोडली आहे. पत्राची एक प्रत शेहजादच्या हातात दिली. उत्तर येईल की नाही, माहीत नाही. निवृत्तिवेतन बंद झाले तर माझ्या औषधपाण्याचा भार मुलांवर पडेल, त्याबद्दल दोघांनी मला माफ करावे.

साक्षीदार दोन हवेत. ईश्वर भावसार पहिले कलम वाचूनही तयार झाले. दुसरे नाव मी विचारण्याआधीच जहांगीर म्हणाला, "मी करसू." ताई म्हणाल्या, साक्षीदाराला या मृत्युपत्रातून काही मिळत नसलेले बरे. तो म्हणाला, काही मिळत नाही. पेन मी पुढे केले, तर त्याने माझे घेतले नाही. खिशातून स्वतःचे काढले.

वरील मजकूर मी वाचला, तो खरा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही करीत आहे.

सही: सुकदेव रामदास बाविस्कर

आमच्या समोर सुकदेव बाविस्कर यांनी सही केली व त्यांच्या समोर आम्ही केली.

साक्षीदार १: ईश्वर भावसार, दोंडाईचा (कुंपणाचा मजकूर मान्य नाही)

साक्षीदार २: जहांगीर उस्मान पिंजारी, धुळे (सही माझ्या हातची)

ठिकाण: धुळे
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार