ज्याचं नाव घ्यायचं नाही तो मासा

१२ नोव्हेंबर १९७३
अ‍ॅबर्डीनहून विद्यापीठातली पोरगी आली — रोना. टेपरेकॉर्डर घेऊन! आमची बोली गोळा करतेय म्हणे. 'व्हॉट'ला 'फिट' म्हटलं म्हणून शाळेत छड्या खाल्ल्या मी, आणि ही त्याच 'फ'वर खूश!

मामंजींना चेवच चढला. वारे, जाळी, धुकं — एकेकाला दहा शब्द. "लिही गं पोरी, लिही!"

मग तिनं एका माशाचं चित्र पुढे केलं. "याला काय म्हणता, आजोबा?"

"तांबडा मासा."

"ते टोपणनाव झालं. खरं नाव?"

"माझा अलिक दर्यावर आहे. घरचं माणूस दर्यावर असताना ते नाव घेत नाहीत. तो घरी असला की मला विचार."

मला हसू आवरेना. बिचारी एवढ्या लांबून आलेली! नवरा माझाच दर्यावर, तरी मीच बोलून टाकलं ते नाव. दोनदा, अगदी यंत्रात तोंड घालून.

मामंजी पांढरेफटक! "कॉल्ड एर्न!" — गार लोखंड, अपशकुनावरचा आमचा उतारा — म्हणत चुलीचा लोखंडी कठडा धरला. "हात लाव पोरी, लोखंडाला हात लाव." माझे हात पिठाचे. नाही लावला.

१३ नोव्हेंबर
मामंजींचा अबोला. पुरे झालं बाई! उद्या अलिक आला की त्यालाच सांगते.

१५ नोव्हेंबर
बोट आली नाही. वायरलेसवर आवाज नाही. उत्तरेचा वारा.

१६ नोव्हेंबर
शोधायला बोटी गेल्यात. मी कडी, बिजागरी, तवा — दिसेल त्या लोखंडाला हात लावत सुटलेय. आता काय उपयोग! ते नाव इथे लिहायलाही हात धजत नाही. आणि तिकडे ती रोना टेप लावून बसली असेल. माझा आवाज. हसतेय मी, आणि तेच नाव, पुन्हा पुन्हा. भीती वाटते गं बाई!

१८ नोव्हेंबर
शेवटी विचारलंच. "मामंजी, माझ्यामुळे का हो?"

"वेडी का तू? शब्दानं कुठे बोटी बुडतात!"

म्हणाले खरे. पण कठड्यावरचा हात काही काढला नाही.

१९ नोव्हेंबर
शोध थांबवला. थांबवू देत. अलिकचे लोकरी मोजे धुऊन चुलीपाशी वाळत घातलेत. येणार तो.

२१ नोव्हेंबर
मामंजी दाढी करून, चांगला सदरा घालून बसलेत. म्हणाले, "त्या पोरीला कळव. यंत्र घेऊन ये म्हणावं. विचारेल ते नाव सांगतो आता."