दाला काही ठेवत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

परत आली! तिसऱ्यांदा! ॲपच्या दुकानाने आमच्या ब्राउझरची नवी आवृत्ती पुन्हा परत पाठवली. कारण काय, तर "धोरणाशी सुसंगत नाही." कुठल्या धोरणाशी? कुणाला विचारू? तिथे माणूसच नाही. फॉर्म भरा, वाट पाहा, तेच वाक्य परत.

जाओको म्हणाला, "अगं, दुकान त्यांचं, रस्ता त्यांचा, आणि दारातच त्यांचा स्वतःचा ब्राउझर फुकट मांडून ठेवलेला. तुला आत घेतात हेच उपकार मान." आणि हसला. शाळेपासून हा असाच हसतो. मला हसू येईना.

चार वर्षं झाली. नाव ठेवताना त्यानेच म्हटलं होतं, घराला घरच म्हणू — आपल्या धोलुओ भाषेत, दाला. जिथे कोणी डोकावत नाही ते घर! सात भावंडांच्या घरात वाढलेला माणूस हे बोलतो.

आज पुन्हा नव्या फोनवर दाला पाच मिनिटांत बंद. आणि वर फोन ऐटीत सांगतो — बॅटरी वाचवली! त्यांचा स्वतःचा ब्राउझर मात्र दिवसभर चालतो, त्याने बॅटरी संपत नाही वाटतं. आमच्याकडे काम करणाऱ्या नेकेसाने चाचणीचे अकराही फोन टेबलावर ओळीने मांडले. अकरापैकी सातांवर बंद. खोलीत आम्ही तिघं, अकरा स्वस्त फोन आणि एक पंखा. तोही वीज असेल तेव्हा.

५ फेब्रुवारी

उत्तर नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानाचं नाही, पण दुसरंच पत्र आलं. सर्च कंपनीचं. जूननंतर करार नाही.

आमचं सगळं त्यावरच चालतं. लोक दालात काही शोधतात, तो शोध त्यांच्याकडे जातो, ते आम्हाला वाटा देतात. दुसरी कमाई नाही. जाहिराती घेत नाही, कोणाची माहिती विकत नाही — हे मी किती मान वर करून सांगते सगळीकडे!

नेकेसाने सरळ विचारलं, "ताई, मग जूननंतर मी यायचं का?"

मी म्हटलं, येशीलच की.

८ फेब्रुवारी

काही सुचलं नाही. तीनदा चहा केला, तीनदा गार झाला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जाओको नैरोबीहून आला तो पाठीवरची पिशवी न उतरवताच बोलायला लागला. न्योकाबी म्हणून एक मॅडम आहेत, बाहेरून स्वस्त फोन मागवतात, देशभर विकतात. वर्षाला सहा लाख फोन! प्रत्येकावर दाला आधीच बसवलेली. दुकानाच्या पाया पडायला नको, काही नको. फोन उघडला की समोर दाला!

"आणि बदल्यात?"

"कोडचं एक छोटंसं पुडकं आत ठेवायचं. लोक कसल्या साइट उघडतात, किती वेळ बघतात. एवढंच. नाव नाही, नंबर नाही."

"कुठल्या दवाखान्याचं पान बघितलं, कुठल्या शाळेचं, कुठल्या गावातून — चार दिवसांत माणूस ओळखू येतो, जाओको!"

"ओळखून मॅडम काय करणार? त्यांना कपडे विकायचेत."

"आज कपडे!"

त्याने पिशवीचा पट्टा घट्ट ओढला. म्हणाला, "तुला सोवळं राहायचंय, राहा. नेकेसाच्या डोळ्यांत बघून मला उत्तर द्यावं लागतं. तू कीबोर्डमध्ये बघतेस."

मी त्याला चोर म्हटलं. खरंच म्हटलं. पिशवी तशीच पाठीवर, तसाच निघून गेला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

किबुयेच्या बाजारात गेले. रिस्पा मावशीकडे, सुकी ओमेना मासळी विकते ती. तिच्या फोनवर मीच नोव्हेंबरात दाला घातली होती. मासे मोजता मोजता तिने भाव बघायला फोन काढला, आणि दुसराच ब्राउझर उघडला!

"मावशी, दाला कुठे गेली?"

"असेल आत कुठेतरी. परवा फोन आपणहून काहीतरी नवीन करत बसला, तेव्हापासून हाच पुढे येतो."

"पण सेटिंगमध्ये जाऊन—"

"अगं, माझ्या हाताला माशांचा वास, समोर गिऱ्हाईक उभं. मी सेटिंगमध्ये जाऊ? तुझीच चांगली आहे बाई, नेटपॅक कमी खाते. पण ती मागच्या खोलीत बसलीय आणि हा दारात उभा. जो दारात, त्याला चहा!"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले. सरोवराकडे चालत गेले, पाण्यावर हिरवी जलपर्णी दाटलेली, होड्या अडकून पडलेल्या. जाओको चुकीचं बोलत नाहीये. दारात उभं राहायची किंमत तेवढी चुकीची आहे. की मीच हट्टी आहे?

१७ फेब्रुवारी

जाओको आला. "चोर आला कामावर," म्हणाला. मी माफी मागायला हवी होती. "बस," एवढंच म्हटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आधी सगळं क्रमाने लिहून काढते.

न्योकाबी मॅडमचं पुडकं तपासायला घेतलं होतं. ते काय काय बाहेर नेतं ते जाओकोच्या नाकासमोर धरायचं, असं ठरवलं होतं. फोनमधून बाहेर जाणारा प्रत्येक कण दिसेल अशी मांडणी केली. तुलनेसाठी आधी आपली दाला, पुडक्याशिवाय, स्वच्छ.

स्वच्छ!

दाला बंद पडली — पडणारच होती — आणि तिने काहीतरी बाहेर पाठवलं. मला वाटलं, माझीच चूक, मांडणी बिघडली. पुन्हा केलं. पुन्हा पाठवलं.

दोन वर्षांपूर्वी मीच एक तयार तुकडा आत घातला होता. दाला अचानक बंद पडली की आम्हाला खबर मिळावी म्हणून. परदेशातली एक सेवा, सगळे वापरतात, मीही घेतली. खबरीबरोबर तो तुकडा त्या वेळी उघडलेल्या पानाचा पूर्ण पत्ता पाठवतो. फोनची ओळख पाठवतो. पत्त्यात शोधलेले शब्दही असतात. आणि स्वस्त फोनवर दाला दिवसातून कितीदा बंद पडते!

दोन वर्षं. मी कधी उघडूनच बघितलं नाही. कुठे बंद पडली ते बघायचे, बाकीचा रकाना कोण बघतं!

१९ फेब्रुवारी

तुकडा काढला. नवी आवृत्ती दुकानाकडे पाठवली. कोणाला बोलले नाही.

दुपारी जाओको पुन्हा न्योकाबी मॅडमचं घेऊन बसला आणि माझ्या तोंडून नेहमीचं वाक्य निघालं, "दाला कोणाचं काही बाहेर पाठवत नाही!" सवयीने! वाक्य तोंडातून गेल्यावर कळलं काय बोलले ते. समोर मक्याच्या पिठाची उगाली आणि पालेभाजी होती. घास फिरत राहिला तोंडात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नेकेसा पत्र नाचवत आली. लोकांच्या पत्रांना तीच उत्तरं देते. मिगोरीजवळच्या एका दवाखान्यातल्या सिस्टर अडोयोंचं पत्र. त्या दर शनिवारी मुलींचा गट घेतात. घरी विचारता येत नाही ते सगळं या मुली फोनवर शोधतात — पाळी, दिवस जाणं, मारहाण, पळून गेलं तर कुठे राहायचं. सिस्टरनीच सगळ्यांच्या फोनवर दाला घातलीय. आता भिंतीवर मोठा कागद लावायचाय, "दाला काही ठेवत नाही, काही सांगत नाही." लावू का, विचारलंय.

"लावा म्हणून कळवते हं, ताई!"

"थांब."

"थांबायचं कशाला? खरंच आहे ना?"

मी म्हटलं, सोमवारी बघू. तिने माझ्याकडे बघितलं. पोरगी हुशार आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जाओकोला सांगितलं.

आधी हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले. "दोन आठवडे तू मला चोर म्हणतेयस, अपोंडी."

"हो."

"आणि मंगळवारी तुला कळलं. आज सोमवार."

"हो."

"किती लोकांचं गेलं?"

"माहीत नाही. खूप."

मी अंदाज बांधला होता, ओरडेल. ओरडला नाही. म्हणाला, "तूच बघितलंयस. दुसऱ्या कोणालाही कळलेलं नाही. करार होईपर्यंत गप्प बसलो तर?" माझ्याकडे नाही, पंख्याकडे बघत. कबूल करते, इथे तरी करते — मनात आलं, बसू या का गप्प? दुरुस्त तर केलंय. कोणाचं काय अडलंय!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जाओको सकाळी सातला दारात. हातात कागद.

"बायकोला सांगितलं काल," म्हणाला. "तीही दालाच वापरते. तिने फोन घेतला आणि दाला काढूनच टाकली. मला विचारलंसुद्धा नाही! मग म्हणाली, निदान मला तरी सांगितलंस. बाकीच्या बायकांना कोणाचा नवरा सांगणार?"

कागदावर दाला वापरणाऱ्यांसाठी सूचना लिहिली होती. सगळी. काय गेलं, कधीपासून, कोणाच्या चुकीने. "आमच्या चुकीने" असं लिहिलं होतं. मी खोडून "माझ्या" केलं, त्याने पुन्हा "आमच्या" केलं. दोनदा झालं. शेवटी त्याचंच राहिलं. स्वाहिलीत त्याने लिहिली, धोलुओतही त्यानेच. भाषा त्याची गोड आहे, मला फक्त कोड लिहिता येतं.

नेकेसाला सांगितलं. रडली नाही. म्हणाली, "मी पाच हजार पत्रांना उत्तर दिलंय, ताई. प्रत्येकात लिहिलंय की आम्ही काही ठेवत नाही." बाहेर गेली. तासाने परत आली, बसली, म्हणाली, "कोणापासून सुरुवात करू?"

२६ फेब्रुवारी, बुधवार

सूचना गेली. दाला उघडली की पहिलीच. सुरुवातीचं पान आमच्याकडूनच जातं, त्याला दुकान लागत नाही.

शिव्या! मान्य. सगळ्या मान्य.

न्योकाबी मॅडमचा फोन जाओकोला. त्याने मला ऐकू येईल असा धरला. बाई रागावल्या नव्हत्या, खुशीत होत्या. "अरे, मग आता अडलंय कुठे? अब्रू तर तुम्ही स्वतःच घालवलीत. आमचं पुडकं ठेवायला आता हरकत काय?"

जाओको काय म्हणेल कळेना. तो म्हणाला, "मॅडम, एकदा चुकून झालं. तुमचं मुद्दाम होईल." आणि फोन ठेवला. सहा लाख फोन ठेवले त्याने! मग मला म्हणाला, "आता माफी माग." मागितली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चारातला एक माणूस दाला सोडून गेला.

त्याहून वाईट — दुरुस्त आवृत्ती दुकानात अडकलीय. अजून! म्हणजे जे राहिलेत त्यांच्या फोनवर जुनीच दाला, बंद पडली की अजून पाठवतेय! लोकांना चूक सांगितली, पण दुरुस्ती त्यांच्या हातात देता येत नाही. भिंतीवर डोकं आपटावं.

सकाळभर येरझाऱ्या घातल्या. मग परदेशातल्या त्या सेवेतलं आमचं खातंच बंद करून टाकलं. घेणाराच नाही, तर पाठवून जाणार कुठे? दोन वर्षांचं साठलेलंही पुसायला सांगितलं. त्यांनी तीनदा विचारलं, नक्की? परत आणता येणार नाही. जाओको म्हणाला, "यापुढे दाला कुठे बंद पडतेय ते आपल्यालाही कळणार नाही. आंधळे होऊ." खरंय. अकरा फोनांवर जेवढं दिसेल तेवढंच आता. तिन्ही वेळा "हो" दाबलं.

संध्याकाळी उत्तर आलं. पुसलं.

१ मार्च, शनिवार

नेकेसा आणि मी मिगोरीला. मटाटू मिनीबसमध्ये चार तास, मांडीवर लॅपटॉप. दुकान देत नाही तर हाताने देऊ.

सिस्टर अडोयो बोलल्या फार कमी. भिंतीवर कागद नव्हता, चिकटपट्टीचे चार तुकडे होते. नेकेसाचं उत्तर यायच्या आधीच त्यांनी लावला होता. नंतर काढला.

एकोणीस मुली. एकेकीचा फोन घ्यायचा, नवी दाला घालायची. पाच जणींनी फोन दिलेच नाहीत, हात मागे बांधून बसल्या. एकीने दिला, पण सोडेना. दोघींच्या हातात एक फोन.

"मी काय शोधलं ते तुम्ही वाचलंत?"

"नाही. पण वाचता आलं असतं."

"मग कोणी वाचलं?"

"मला माहीत नाही," म्हटलं. "आता पुसलंय सगळं."

"हे तुम्ही आधीही म्हणाला होतात. काही ठेवत नाही म्हणून."

तिने शेवटी फोन सोडला. माझ्यावर विश्वास बसला म्हणून नाही. दुसरं काही नव्हतं म्हणून.

येताना नेकेसा माझ्या खांद्यावर झोपली. मला बसवेना, उठवेना. चार तास.

४ मार्च

एका कॉलेजने जाओकोला भेटायला बोलावलंय, तिथे दाला वापरण्याबद्दल. सूचना वाचून! पदरात काय पडेल देव जाणे. जून अजून तिथेच आहे.

दुकान — उत्तर नाही.

६ मार्च, गुरुवार

वकिलाचं पत्र आलं. मिगोरीच्या गटातल्या एका मुलीच्या वडिलांतर्फे. आमच्या सूचनेवरूनच त्यांना कळलं की असं काही कुठेतरी साठतं. मुलगी पाच दिवस घरी नाही. तिच्या फोनवरून काय शोधलं, कुठलं पान, कुठल्या दिवशी — सगळ्या नोंदी सात दिवसांत हव्यात. नाव इथे लिहीत नाही.

खातं बंद करून आज सहा दिवस झाले. नोंदी असत्या तर ती कुठे गेली ते कळलं असतं, आम्हाला आणि तिच्या वडिलांनाही.

नेकेसा म्हणाली, "रडतेस कशाला, ताई? आपल्याकडे काहीच नाहीये ना!"

नाहीये म्हणूनच.