दहा चात्यांची हजेरी

प्रति,
मेहेरबान सहकारी संस्था तपासणी अधिकारी साहेब,
मुक्काम सातारा

अर्जदार : सुलाबाई कोम ज्योतिबा विरकर, राहणार म्हसवड, तालुका माण

विषय : स्त्रियांची लोकर-कताई संस्था रद्द का करू नये, याचा खुलासा.
संदर्भ : खोट्या हजेरीबद्दल आपली नोटीस, ता. ३ फेब्रुवारी १९४७.

महोदय,

१. अर्जदारीण सदर संस्थेची चेअरमन आणि, खरे लिहावयाचे तर, आजमितीस काम करणारी एकटीच सभासद आहे. लढाईत गावचे पुरुष पलटणीत गेले तेव्हा दहा जणींनी ही संस्था काढून कांबळ्यांसाठी लोकर कातली. कोणास न विचारता स्वतःच्या कमाईचे लुगडे घेतले, ते जन्मात प्रथमच.

२. संस्थेत रीत अशी की, बाळंतीण, सुतकी वा आजारी बाईने आपली लोकर कातण्याची चाती शेजारणीबरोबर पाठवावी, म्हणजे ती हजर. "चाती हाय म्हंजी बाई हाय," असे सभासद हाजराबी पिंजारी म्हणे, आणि सर्वांना ते पटे.

३. लढाई संपली. मालक परतले तशी एकेकजण घरी बसली. "आता आमी आलोय न्हवं, मग तुमी कशापायी राबायचं?" असे शालूबाईस तिच्या मालकांनी सुनावले. नऊ चात्या मात्र खोलीतच राहिल्या. अर्जदारणीने रीतीप्रमाणे अकरा महिने हजेरीच्या वहीत रोज दहा रेघा ओढल्या. यात लबाडी नव्हती. तिचे स्वतःचे मालक पलटणीतून आलेच नाहीत, म्हणून तिला घरी बसविणारे कोणी नाही. (हे वाक्य गाळा, असे अर्ज लिहिणाराने सांगून पाहिले. बाई ऐकत नाहीत.)

४. दर शनिवारी सभा भरते. अर्जदारीण ठराव मांडते. अनुमोदनास कोणी नसल्याने तो पुढल्या शनिवारवर जातो. असे एकेचाळीस ठराव तुंबले आहेत. लोकरीच्या धाग्याला गाठी मारून तिने ते मोजले. सभेत एकटीनेच मोठ्याने बोलल्यास ते कामकाजात धरावे काय, असाही त्यांत एक आहे. साहेब, लय एकटं वाटतं, हेही लिहा, असे बाई म्हणतात.

५. लोकर संस्थेच्याच नावे मिळते. संस्था मोडल्यास अर्जदारणीस भाकरीसाठी दिराच्या दारात उभे राहावे लागेल. तथापि दहा सभासदांची अट तिलाही कळते. विनंती एवढीच की, चौकशी संस्थेच्या खोलीतच ठेवून नऊही जणींना समन्स काढावे. सरकारी कागदापुढे मालक अडवणार नाहीत. चौकशी सकाळी लवकर सुरू करावी आणि, साहेबांस जमल्यास, दिवेलागणीपर्यंत लांबवावी.

समन्सची वाट पाहणारी, आपली नम्र,
सुलाबाई विरकर
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)
म्हसवड, ता. ११ फेब्रुवारी १९४७

अर्ज लिहिणार : लालासाहेब, पेन्शनर मास्तर