हरण्याचा खुराक

१६ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. उजव्या पायाला सहा आठवड्यांचं प्लास्टर. हलायचं नाही. दुपारपर्यंत छताचे पत्रे मोजून झाले. अठ्ठावीस. एकाला भोक.

पडलो कसा ते इथे खरं लिहून ठेवतो, कारण गावात भलतंच पसरलंय. शेजारच्या गावी बैलगाडा शर्यतीच्या घाटात, त्या चढाच्या धावपट्टीवर, एका गाड्याची बारी सुटली, बैल माझ्या बाजूला वळले, मी चपळाईने उडी घेतली. गोरख सांगत फिरतोय की बारी सुटायच्या आधीच धर्माजी पाण्याच्या टँकरवरून खाली आला. गोरख माझा लहानपणापासूनचा मित्र आहे.

बायकोने, नूतनने, जाहीर केलं, यंदा गावच्या यात्रेत घाटाचं नाव काढायचं न्हाई. यात्रा ३० एप्रिलला. प्लास्टर निघणार २६ ला. शर्यतीवरची बंदी उठल्यापासून मी गावची एक बारी चुकवलेली नाही.

१७ मार्च
स्नेहल ड्यूटीला चाकणला परत गेली. जाताना तिचा जुना गेम ठेवून गेली. हातात मावतो, दोन्हीकडे बटणं. पिल्लू निवडायचं, वाढवायचं, दुसऱ्यांच्या जनावरांशी लढवायचं. म्हणाली, पप्पा, निदान एका जागी बसाल. मी बावन्न वर्षांचा माणूस. हात लावणार नाही.

४:२०. हात लावला. फक्त बॅटरी बघायला.

१८ मार्च
तीन पिल्लं दाखवली. एक पाण्यातलं, एक पंखवालं, एक शिंगवालं. पोरं रंगाला भुलतात. मी खूर बघितले, शेपूट बघितलं. दात बघायची सोय नाही, हा मोठा दोष. शिंगवालं घेतलं. वशिंड नाही, पोट बटाट्यासारखं, पण नजर तेज. नाव हरण्या. लेव्हल ५.

२० मार्च
फोनवर स्नेहलशी पैज लागली. २७ एप्रिलला ती घरी येणार, तिच्या नव्या गेममधल्या जनावराशी हरण्याची लढत. मी जिंकलो तर आईला ती समजावणार आणि मी यात्रेला घाटात. हरलो तर यात्रेच्या दिवशी घरी. नूतन लगेच हो म्हणाली. मला वाटलं होतं अडेल.

हरण्याचा कार्यक्रम ठरवला. सकाळी खुराक, दुपारी आराम, संध्याकाळी खुराक. लढाई नाही. शर्यतीआधी जनावर दमवायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

२४ मार्च
स्नेहल म्हणते, पप्पा, लढवल्याशिवाय लेव्हल वाढत नाही. चाकणला राहून हिला जनावरातलं काय कळणार?

मी जेवून दोन ते चार जरा डोळे मिटतो. तेवढ्यात नूतन गेम चार्जिंगला नेते. रागीट आहे, पण मनाने चांगली.

२ एप्रिल
हरण्या लेव्हल ११! एकही लढाई न करता. खुराक लागू पडला. स्नेहलला मुद्दाम कळवलं नाही.

पायाला प्लास्टरच्या आत भयंकर खाज. गोरखने काडी आणून दिली, ती आत राहिली.

५ एप्रिल
गोरख ओतूरच्या बाजाराला चालला होता. मलाही जीपमध्ये मागे टाक म्हटलं. तो म्हणाला, राव, तुझ्या बायकूला कोण तोंड देणार? घाटात गाड्यापुढे घोडी पळवणारा माणूस हा.

अंगणात तीन फेऱ्या मारल्या, कुबडीवर. चौथी नूतनने बघितली.

८ एप्रिल
नूतन मेथी निवडता निवडता म्हणाली, त्या गुहेतल्या वटवाघळाला पाणी अजिबात सोसत न्हाई. मी विचारलं, कुठली गुहा? मेथीवरची नजर न काढता म्हणाली, लेण्याद्रीची. चतुर्थीला गेली होती खरी. वटवाघळं कशाला बघत बसली देव जाणे.

तिच्या उजव्या अंगठ्याला फोड आलाय. टोमॅटोच्या तोडणीने असणार. प्लास्टर निघालं की तोडणीला रोज मदत करायची. नक्की.

१३ एप्रिल
गंभीर प्रकार. चुकून एका किड्याशी लढाई लागली. हरण्याने एका धडकेत उडवला. लेव्हल १६. मग स्क्रीन पांढरी झाली, हरण्या थरथरायला लागला, अंग फुगायला लागलं. मोठा होतोय! मी मिळेल ते बटण दाबलं. थांबला एकदाचा.

वाचलो. घाटात आदत गट असतो, म्हणजे दुधाचे दात न पडलेल्या खोंडांचा. मोठा झाला की जनावर त्या गटातून बाद. स्नेहलचं जनावर केव्हाच मोठं झालंय. आदत असताना त्याला हरवलं तर दुप्पट मान. गोरखला हे पटलं. त्याने गेम बघितलेला नाही.

१९ एप्रिल
लेव्हल २४. परत दोनदा किडे आडवे आले, दोनदा थरथरला, दोनदा थांबवला. चार्जिंगला नेताना थरथरला तर तूही बटण दाब, असं नूतनला बजावलंय. हरण्या माझ्याकडे जरा रागाने बघतो. खोंड तापट हवंच.

घाटाची डागडुजी सुरू झाली. जेसीबीचा आवाज इथपर्यंत येतो. मला बसवत नाही. झोपवत नाही. माझ्यावाचून तिकडे काम चाललंय याचंच वाईट वाटतं.

२६ एप्रिल, शनिवार
प्लास्टर निघालं. पाय बारीक दिसतो, काडीही सापडली. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस काठी घेऊन घरातल्या घरात. घाट काही लांब नाही, घरातलाच समजायचा.

नवा शर्ट इस्त्रीला दिला.

२७ एप्रिल, रविवार, ११:००
आज लढत. डावपेच: हरण्याने आधी झोपायचं, समोरच्याला दमू द्यायचं, शेवटी एकच धडक.

१२:१५
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

ओट्यावर बसलो. पंच गोरख. नूतन शेजारी लसूण सोलत. मी हरण्याला झोपायचा हुकूम दिला. झोपला. स्नेहलच्या जनावराने मारलं. पुन्हा झोपवला. पुन्हा मारलं. हरण्याच्या ताकदीची पट्टी काडीएवढी उरली. मी तिसऱ्यांदा झोपेचं बटण शोधत होतो, तेवढ्यात नूतनने पदराला हात पुसले आणि गेम माझ्या हातातून काढून घेतला. चार बटणं. चष्मासुद्धा लावला नाही. स्नेहलचं जनावर आडवं. स्नेहल ओरडली, आई!

नूतन म्हणाली, इतकं चांगलं जनावर, तुमी नुसतं खाऊ घालून झोपवलं. रोज दुपारी मी पळवलं म्हणून जगलं. शिनोलीत माझ्या बापानं बघितलं असतं, तर हरण्याला सोडून तुमालाच जुंपलं असतं. तिच्या वडिलांचा गाडा पंचक्रोशीत नावाजलेला होता, हे मी लग्नापासून ऐकत आलोय. आज पहिल्यांदा ऐकलं असं वाटलं.

तरी मी डगमगलो नाही. हरण्या जिंकला म्हणजे मी जिंकलो. घाटात मान गाडामालकाचा, जुंपणाऱ्याचा नाही. गोरखने मान डोलावली. स्नेहल म्हणाली, मग गाडामालक मी, गेम माझा हाय. गोरखने त्यालाही मान डोलावली.

निकाल: जुंपणारी आणि मालकीण, दोघी घाटात जाणार. पंचांनाही नेणार. मी घरी.

३० एप्रिल, बुधवार, यात्रा. ४:४०
सगळे गेले. नूतनने जरीची साडी नेसली, कपाळाला भंडारा. मला काम एकच: गॅसवर मंद आचेवर दूध ठेवलंय, बघत बसायचं.

५:०५
घाटातला भोंगा इथे स्वच्छ ऐकू येतो. झाली झाली भिर्रर्र! कोणाची बारी ते कळत नाही. उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो.

५:३०
भोंग्यावर पुकारलं, शिनोलीच्या जुन्या गाडामालकांच्या कन्या नूतनताई स्टेजवर याव्यात, त्यांना फेटा बांधायचाय. शिट्ट्या. सगळ्यात लांब शिट्टी गोरखची, ओळखली.

मी इतकी वर्षं घाटात जातोय, मला कधी फेटा बांधला नाही. एकदाही तिला सोबत चल म्हणालो नाही, हेही आठवलं.

५:४५
गेम उघडला. हरण्या बदललाय. नूतनने होऊ दिला. दोन शिंगं, रुंद छाती, आणि वशिंड! वशिंड येणार होतं त्याला, आणि मी पंधरा दिवस अडवून धरलं होतं.

५:५५
धडक मार म्हणून हुकूम दिला. स्क्रीनवर आलं, हरण्या ऐकत नाही. पुन्हा दिला. हरण्या दुसरीकडे बघतोय. तिसऱ्यांदा दिला, तर झोपला.

उद्यापासून दुपारी झोपणं बंद. हरण्याला रोज स्वतः पळवायचं. पुढच्या यात्रेला तिच्याबरोबर स्टेजवर.

६:०२
दूध उतू गेलं.